अर्ध्या बोटाची चूक

मी एक जुना ओळंबा आहे. ओळखलंत का, मित्रांनो? दोरीला पितळेचं वजन आणि वर लाकडी ठोकळा. ठोकळा भिंतीला टेकवला, की भिंत सरळ आहे का झुकली ते मी सांगतो. तोंडदेखलं बोलणं मला जमत नाही.

एका गवंड्याने मला तीस वर्षं जपलं. काम संपलं की तो मला पुसूनच घरी जायचा. पुढे त्याचे गुडघे गेले आणि मी खुंटीला लागलो. फार वाईट वाटायचं हो!

त्याची लेक सहा वर्षं सिमेंट-वाळूचा माल कालवत होती. तिला थापी धरून गवंडी व्हायचं होतं. बाप म्हणाला, "एक भिंत उभी करून दाखव. मी येऊन बघेन. वाकडी निघाली, तर परत माल कालवायचा." असं म्हणून त्याने मला तिच्या हाती दिलं.

दवाखान्याची भिंत होती. पोरगी झपाट्याने कामाला लागली. पण पहिल्या संध्याकाळी दमून तिने मला तसंच टाकलं. ठोकळ्यावर सिमेंटचा खडा वाळून बसला. दुसऱ्या दिवशी मी चक्क खोटं बोललो, मित्रांनो! खड्यामुळे ठोकळा भिंतीला नीट टेकतच नव्हता, माझा नाइलाज होता. विटांचे सहा थर चढल्यावर तिच्या अंगठ्याला तो खडा लागला. तिने तो खरवडला, मला पुन्हा लावलं. भिंत अर्धं बोट मागे कलली होती. तिचा चेहरा पडला.

मुकादम म्हणाला, "अगं, प्लास्टरमध्ये झाकून जाईल. कुणाच्या बापाला कळणार आहे?"

"माझ्या बापाला कळेल," ती म्हणाली. "आणि नाही कळलं, तरी मला ठाऊक आहे ना!"

पदर खोचून तिने सहाही थर उतरवले. हाताला फोड आले, मुकादमाची बडबड चालूच होती. पण तिने हट्ट सोडला नाही. आता दर थराला ती मला पुसायची, मगच लावायची.

बाप काठी टेकत आला. त्याने मला वरून सोडलं. मी भिंतीला हलकेच टेकलो आणि स्थिर झालो. त्याने कोपऱ्यातला उतरवलेल्या विटांचा ढीगही पाहिला. तोंडभर कौतुक करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. लेकीने मला परत घ्यायला भीतभीतच हात पुढे केला.

"तुझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "पुसून ठेवत जा."

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवलंत तर मी खरंच सांगेन. मग ती भिंत उतरवायची की प्लास्टर मागवायचं, ते मात्र तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल.