शनिवारी सहानंतरची नोंद

"फोन बाहेर काढा. आपापली वेबसाइट उघडा. दिसतेय?" ओसोफो न्यार्कोंनी, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांनी, विचारलं.

कुमासीतल्या तफो भागात त्या पत्र्याच्या चर्चमध्ये पाचशे माणसं घामानं निथळत बसली होती. फोन बाहेर निघाले. कुणाचं कापडाचं दुकान, कुणाची शाळा, कुणाचं मयताच्या निमंत्रणांचं काम. कुमासीत हल्ली वेबसाइट नाही असा धंदा नाही. त्यातल्या चाळीस या ओसोफोंच्या छत्राखाली, म्हणजे चर्चच्याच सर्व्हरवर, आल्या होत्या.

"नाही दिसत, ओसोफो," चाळीस जणांचा रडवेला सूर आला. सगळ्यांच्या फोनवर कोरं पांढरं पान होतं.

"सैतानानं खाल्ली. वर्षांची मेहनत एका घासात खाल्ली. आता बघा हं." ओसोफोंनी तेलाची बाटली उचलली, मोठ्या पडद्यावर तेल शिंपडलं आणि एक पाय आपटत वीस मिनिटं सैतानाची आईबहीण काढली. मग एकेक फोन उजळायला लागला. बायका नाचल्या. शेजारचा गॅरेजवाला माझ्या गळ्यात पडून रडला.

मी रडले नाही. मी शाळेत संगणक शिकवते, आचिआ मॅडम म्हणतात मला, आणि चर्चला आले होते ती फेलिशिया आंटीच्या आग्रहाखातर.

आंटी निवृत्त नर्स. तिची मुलगी सेर्वा सोळा वर्षांची, जन्मापासून सिकलसेलची. इतक्या वेळा रक्त चढवलंय की आता साधं गट जुळलेलं रक्तही तिच्या अंगाला चालत नाही. बारीकसारीक सगळं जुळलेलं लागतं. म्हणून आंटीनं नऊ वर्षं खपून रक्तदात्यांची वेबसाइट केली. लोक स्वतःच येऊन नाव, नंबर, रक्तपेढीच्या कार्डावरची माहिती भरायचे. रोज सकाळी उठलं की आंटी त्या सगळ्याची एक प्रत हार्ड डिस्कवर घ्यायची, मगच चहा. ही सवय मीच लावली होती.

ती डिस्क आता वेदीपुढच्या पिंपात तेलात बुडालेली होती. आदल्याच रविवारी ओसोफोंनी सगळ्यांकडून डिस्क मागून घेतल्या होत्या.

"प्रत म्हणजे संशय," ते म्हणाले होते. "देवावर भरवसा आहे ना? मग दुसरी कशाला? घरात बायकोची प्रत काढून ठेवता का?" सगळे पोट धरून हसले. आंटीही हसली, आणि डिस्क पिंपात टाकून आली. मी ओरडले तिच्यावर, तर म्हणाली, "आचिआ, पोरीसाठी काहीतरी सोडावं लागतं गं."

या चमत्काराच्या रविवारी पहाटे आंटीचा मला फोन आला होता. "सापडला. ओबुआसीचा ट्रकवाला आहे, बेदियाको नाव. रात्री नोंद केलीय त्यानं. सगळंच्या सगळं जुळतंय." सेर्वा इस्पितळात होती, बुधवारपर्यंत रक्त हवं होतं. "मग लाव की फोन," मी म्हणाले. "रविवारी सकाळी कुणाला फोन करतात का? लोक चर्चला जातात. दुपारी करते."

आता वेबसाइट पुन्हा जिवंत झाली तशी आंटीनं घाईघाईनं पान उघडलं. खाली सरकवलं, वर सरकवलं. मग फोन माझ्या हातात दिला. बेदियाकोची नोंद नव्हती.

मी उठले. "ओसोफो, रात्रीची नोंद गेलीय."

"ज्याची श्रद्धा अपुरी, त्याचं देव अपुरं परत करतो," ते गोड हसून म्हणाले.

"बरं. मग बाकीच्यांनीही सांगा. काल रात्री किंवा आज सकाळी कुणी काही टाकलं होतं का?"

कापडवाली दुफिए मामे बिचकत उठली. "मी काल रात्री नऊला नवे फोटो टाकले होते. दिसत नाहीत."

"आमच्या काकांच्या मयताची तारीख आज सकाळी बदलली होती," मागून एकजण म्हणाला. "इथं जुनीच दिसतेय."

"आणि काल दुपारचं?"

काल दुपारचं सगळ्यांचं जागेवर होतं. मी विचारलं, "मग देव शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करतो का, ओसोफो?"

कुणी हसलं नाही. मी सरळ मागच्या खोलीत गेले, चर्चचा सर्व्हर तिथूनच चालायचा. ओसोफोंचा भाचा याव तिथं लॅपटॉपपुढे बसला होता. छत्राखालच्या चाळीसही वेबसाइट त्याच्याच ताब्यात. पडद्यावर एक यादी उघडी होती: सगळ्यांच्या प्रती, वेळ शनिवार, संध्याकाळचे सहा. त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

"शनिवारी प्रत काढतो," तो मान खाली घालून म्हणाला. "प्रार्थनेच्या आधी सगळं पुसतो. मामांनी पाय आपटला की शनिवारचं परत चढवतो."

"खरंच पुसतोस? नुसतं झाकून ठेवता आलं असतं."

"मामा म्हणाले, कुणी जाणकार तपासायला आला तर पकडले जाऊ."

"मग बेदियाकोचा नंबर?"

"सहानंतरचं सगळं कायमचं पुसलं गेलं," तो म्हणाला. आंटी तिथंच जमिनीवर बसली. तिची रोज सकाळची प्रत असती, तर तो नंबर आमच्याकडे असता.

आम्ही रेडिओवर सांगितलं, ओबुआसीच्या ट्रकतळावर माणसं धाडली. तीन बेदियाको भेटले, त्यातला एकही तो नव्हता. बुधवारी डॉक्टरांनी त्यातल्या त्यात जवळचं रक्त दिलं. ते सेर्वाच्या अंगाला चाललं नाही. शुक्रवारी ती गेली.

सेर्वाच्या आठव्या दिवशी आम्ही सगळ्या शोकाच्या काळ्या-लाल कपड्यांत आंटीच्या अंगणात बसलो होतो. तिचा फोन वाजला, तिच्यानं बोलवेना म्हणून मी घेतला.

"मी बेदियाको. सोमवारपर्यंत इथंच होतो, मग उत्तरेला माल घेऊन गेलो, तिकडे रेंज नव्हती. आत्ता रेडिओचं कळलं. मी नाव भरलं होतं, पण तुमचा फोनच आला नाही. मला वाटलं, गरज भागली असेल. कधी येऊ?"

मी त्याला काय सांगितलं ते इथं लिहवत नाही.

प्रार्थना खुशाल करा, माझं काही म्हणणं नाही. पण आधी प्रत काढा, स्वतःच्या हातानं, रोज. एक घरात ठेवा, एक दुसऱ्याच्या घरात, आणि अधूनमधून उघडून बघा की ती खरंच उघडते. आणि कुणी तुम्हाला प्रत फेकून द्यायला सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा, की त्यानं स्वतःची कुठं ठेवलीय.