घट्ट बुजवलेले सांधे

मी एक जुना दगडी पूल आहे. एका मोठ्या बागेतल्या ओढ्यावर तीन कमानींनी उभा आहे. मित्रांनो, ओढा गुडघाभर, तेव्हा माझी गरज अशी कुणालाच नव्हती. पण घराच्या खिडकीतून काहीतरी डौलदार दिसावे, ही मालकाची हौस.

आधी लाकडी साचे उभारले. त्यांवर दोन्ही बाजूंनी दगड चढत गेले. मधला पाचरीसारखा दगड बसला आणि साचे काढले. तेव्हापासून माझे दगड एकमेकांना रेटून उभे आहेत. सांध्यांत चुना भरला होता. अंगात मुरलेले पावसाचे पाणी त्या मऊ चुन्यातूनच बाहेर पडते.

पाहुण्यांनी माझे पुष्कळ कौतुक केले. पुढे घर बंद झाले. मग माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहीना. एक गवंडी मात्र दर उन्हाळ्यात यायचा आणि झिजलेला चुना नव्याने भरायचा. त्याची मुलगी त्याच्याच हाताखाली काम शिकली. म्हातारपणी त्याचे हात थरथरू लागले. आपल्यामागे याचे कोण बघणार, या काळजीने त्याने सगळे सांधे सिमेंटने बुजवले. पुढच्याच वर्षी तो गेला.

पाणी आत कोंडले. दगडांचे पापुद्रे सुटू लागले, मधली कमान फुगली. पावसाळ्याआधी दुरुस्ती झाली नाही तर मला पाडायचे ठरले. तेव्हा ती मुलगी छिन्नी घेऊन आली. मागोमाग तिची आत्याही आली.

"अगं, दादाच्या हातचं शेवटचं काम ते! निदान एक बाजू तरी राहू दे."

"मग त्याच बाजूने कोसळेल, आत्या."

"म्हणजे माझा भाऊ अडाणी होता?"

"नव्हता. घाबरला होता."

"जीभ आहे का छिन्नी! अगदी बापावर गेलीस."

मुलीने छिन्नी सांध्यावर टेकवली. पहिला घाव घालायला तिला बराच वेळ लागला. नंतर मात्र ती थांबली नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या कमानीतून पाणी ठिबकू लागले. आत्या ते बघत राहिली. मग तिने चाळणी ओढली आणि चुना चाळायला बसली.

मित्रांनो, मी अजून उभा आहे. गवंड्याची माया खोटी नव्हती. पण एकदाच पक्के करून मोकळे व्हावे, असे माझे काम नाही. अधूनमधून येत जा. सांध्यांवरून हात फिरवा. जिथे चुना झिजला असेल, तिथे थोडा भरा.