चालवणारा

लोकांच्या घरात कपाट कपडे ठेवायला असतं, याच्या घरात ते गाण्यासाठी होतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा फ्रेमच्या मापाला घासायच्या, संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुवायचे आणि गिटार घेऊन कपाटात शिरायचं, हा त्याचा नेम. कपाट भिंतीतलं होतं, चांगलं खोल. टांगलेल्या कोटांमुळे आणि खाली रचलेल्या रजयांमुळे आत आवाज घुमत नसे, रस्त्यावरचे हॉर्न आत येत नसत, आणि माइकला यापेक्षा जास्त काही लागत नाही. बायको त्याला कपाटगवई म्हणायची. सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या, तेव्हा जावई कपाटात जाऊन दार लावून घेतो हे पाहून त्यांनी लेकीला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमच्यात काही बिनसलंय का गं?"

बिनसलं काहीच नव्हतं. तो आपली गाणी आपण लिहायचा, आपण गायचा आणि आपणच इंटरनेटवर चढवायचा. पूर्वी गाणं लोकांपर्यंत पोचवायचं तर कुणाकुणाचे उंबरे झिजवावे लागत. आता दार सताड उघडं होतं. अडचण एवढीच, की दार सताड उघडं असलं की सगळे एकदम आत येतात आणि मग कोण आलं, कोण गेलं, याची दखल कुणीच घेत नाही. दहा वर्षांत त्याने बरीच गाणी केली. ती ऐकणाऱ्यांत दोन मेव्हणे, दुकानातला एक सहकारी आणि अधूनमधून वाट चुकून आलेले काही परके होते.

गाणी चढवायची त्या कंपनीने प्रत्येक गाणाऱ्याला एक पान दिलेलं होतं. आपलं कोणतं गाणं कोणत्या गावात ऐकलं गेलं, ते त्यावर दिसे. ज्याने हे पान काढलं त्याला गाणाऱ्याचं मन पक्कं ठाऊक असणार आणि दयामाया अजिबात नसणार. आमचा हा माणूस चहाच्या आधी ते पान बघायचा, चहानंतर बघायचा, आणि मधल्या वेळात काही बदललं नाही म्हणून खट्टू व्हायचा.

एका वर्षी त्या पानावर एक नवंच प्रकरण दिसायला लागलं. दूरच्या एका गावातला एकच श्रोता, आणि तो एकच गाणं ऐकत होता. सकाळी ऐकायचा, दुपारी ऐकायचा, संपलं की पुन्हा लावायचा. दुसऱ्या एकाही गाण्याकडे ढुंकून बघायचा नाही. गाणंही कोणतं, तर उसनी घेतलेली छत्री परत करायला निघालेल्या माणसाचं. त्याला ताल म्हणून याने कपाटाच्या दारावर बोटांनी ठक-ठक केलं होतं, तेवढंच. याचा एक मित्र होता, संगणकावर गाणी साफसूफ करून द्यायचा. स्वतः सुरात कधी गायला नाही, पण कान तिखट, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. हे गाणं ऐकून कानसेन म्हणाला होता, "इतकं संथ केलंयस, की ऐकणारा माणूस छत्री विसरून जाईल."

"कुणीतरी सारखं ऐकतंय," त्याने बायकोला सांगितलं.

"मग बरंच आहे की. आवडलं असेल," ती म्हणाली.

तिचं ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण नवरे बायकांचं ऐकत असते तर जगात गोष्टीच फार थोड्या उरल्या असत्या. तो कानसेनकडे गेला, आणि ते पान बघून कानसेनचा चेहरा उतरला.

"अरे, हे मशीन आहे," तो म्हणाला. "खोटे श्रोते विकणारे लोक असतात, त्यांची यंत्रं असंच एक गाणं दिवसभर वाजवतात. माणूस असं ऐकत नाही. माणसाला मध्ये फोन येतो, कंटाळा येतो, तो दुसरं काहीतरी लावतो."

"पण मी कुणाला सांगितलंच नाही यंत्र लावायला."

"कंपनी ते विचारत नाही. आपला तो ड्रमवाला आठवतो ना? एका गाण्यावर असलं काहीतरी सापडलं आणि त्याची सगळी गाणी एका दिवसात पुसून टाकली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, बाबा. त्यांनी पकडायच्या आत तूच सांगून टाक. आणि ते गाणंच काढून टाक, म्हणजे प्रश्न मिटला. नाहीतरी ते तुझं सगळ्यात कच्चं गाणं."

दहा वर्षांची गाणी एका दिवसात जाणार म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने कंपनीला लिहिलं. लिहिताना हात जराही थांबला नाही, हे त्याला पुढे फार टोचत राहिलं. त्याने लिहिलं होतं: 'हे ऐकणं खरं नाही. माझं हे गाणं एवढ्या वेळा ऐकेल असा माणूस असणं शक्य नाही. गाणं काढून टाकावं आणि या श्रोत्याला बंद करावं.' एरवी सतरा वेळा विचारलं तरी उत्तर न देणाऱ्या कंपनीने हे काम मात्र लगोलग केलं. बाकीची गाणी वाचली. आपण प्रामाणिकपणे वागलो म्हणून त्याला बरंही वाटलं, आणि त्या आनंदात त्याने कानसेनला चहा पाजला.

पुढे कितीतरी महिन्यांनी त्याच्या पानावर सूचना आली, की निरोपांची पेटी भरली आहे, ती रिकामी करा. ती पेटी तो कधी उघडतच नसे. तिच्यात सगळे असलेच निरोप असायचे: तुमचं गाणं लाखो कानांपर्यंत पोचवतो, आजच नाव नोंदवा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. याला तर दूध कधी मिळालंच नव्हतं, तरी तो फुंकत बसला होता. जेवणाच्या सुट्टीत, दुकानाच्या मागच्या खोलीत डबा खाता खाता तो एकेक निरोप पुसायला लागला. पुसता पुसता एकावर त्याचं बोट थांबलं.

'तुमच्या छत्रीच्या गाण्यासाठी आभार. माझे बाबा या गाण्यावर चालतात.'

निरोप कुणा बाईचा होता. त्याखाली तिचाच, नव्या खात्यावरून पाठवलेला, दुसरा निरोप होता. 'गाणं आज सापडत नाहीये. माझं खातंही बंद झालंय. आमचं काही चुकलं का?' मग तिसरा: 'बाबा रोज विचारतात. जमलं तर कळवा.' शेवटच्या निरोपात फक्त फोन नंबर होता.

'आमचं काही चुकलं का?' हे त्याने दोनदा वाचलं. डबा तसाच राहिला. समोर काचा घासायचं यंत्र बंद उभं होतं आणि दुकानदार बाहेरून हाक मारत होता, पण याला उठवेना.

संध्याकाळी त्याने फोन लावला. बाईचा आवाज शांत होता, दिवसभर कुणाची तरी उठबस करणाऱ्या माणसाचा असतो तसा. तिने सांगितलं, बाबांना पार्किन्सन आहे. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. दारात तर हमखास. माणूस उभा राहतो, पुढे जायची इच्छा असते, पण पाऊल उचलत नाही. मग एकदा घरात कुणीतरी सहज हे गाणं लावलं, आणि त्यातल्या ठक-ठकवर बाबांचं पाऊल पडलं.

"मग रोजच सुरू झालं," ती म्हणाली. "सकाळी खाटेपासून टेबलापर्यंत, दुपारी फाटकापर्यंत आणि परत. 'लाव गं त्या चालवणाऱ्याला,' म्हणायचे. तुमचं नावच पाडलंय त्यांनी. स्वतः आयुष्यभर क्रेन चालवली, हा किताब असा सहज देत नाहीत ते कुणाला."

"दुसरी गाणी?"

"सगळी लावून पाहिली. एक तर पळवतात, नाहीतर जागेवर बसवतात. मी एक-दोन, एक-दोन म्हणायला लागले, तर म्हणाले, मी काय कवायतीला उभा आहे?" ती किंचित हसली. मग तिने विचारलं, "पण गाणं गेलं कसं हो?"

उत्तर त्याच्या तोंडात तयारच होतं. ते कधी तयार झालं, हे त्यालाही कळलं नाही. "कंपनीनं काढलं," तो म्हणाला. "त्यांना वाटलं मशीन ऐकतंय."

"असं होय," ती म्हणाली. मग म्हणाली, "जमलं तर एकदा या. बाबांना आनंद होईल."

गाणं त्याने तिला तेव्हाच पाठवून दिलं. जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती ताटावरून नजर न उचलता म्हणाली, "अरे, चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीस तू. जा, आणि खरं काय ते सांगून टाक." सांगतो, म्हणाला. रविवारी गिटार घेऊन बसमध्ये बसला, आणि वाटभर ते वाक्य मनात घोळवत राहिला.

घर बैठं होतं. फाटकापासून दारापर्यंत आणि दारातून आत, पावला-पावलाच्या अंतरावर जमिनीवर पिवळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या, पाऊल कुठे टाकायचं ते डोळ्याला कळावं म्हणून. पट्ट्यांवर धूळ बसली होती. काहींची टोकं सुटून वर आली होती. बाबा बरेच दिवस इथून चाललेले नाहीत, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

दार उघडलेल्या बाईला तो तिथेच, चप्पलही न काढता म्हणाला, "आत यायच्या आधी मला तुम्हाला एक सांगायचंय."

"मला माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "तेव्हाच मी कंपनीला विचारलं होतं. गाणाऱ्यानंच काढायला सांगितलं, असं त्यांनी कळवलं. तुम्ही आम्हाला यंत्र समजलात, हेही कळवलं."

त्याची मान खाली गेली. "मग फोनवर काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? राग आला होता. मग म्हटलं, चला, दोघांचं खोटं एकच निघालं, बरं झालं. बाबांनाही मी हेच सांगितलंय, कंपनीनं काढलं म्हणून. त्यांचा तुमच्यावर जीव आहे. तुम्ही मन मोकळं करून बसनं निघून जाल, इथे मला त्यांच्याजवळ राहायचंय. तेव्हा आत गेलात की तुम्हीही हेच सांगा."

माफी मागायला आलेल्या माणसाला माफी मागायचीच बंदी झाली. त्याने चपला काढल्या आणि तो आत गेला.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. आजाराने चेहरा ताठ झाला होता, आवाज इतका बारीक झाला होता की जवळ वाकावं लागे, पण डोळे मात्र मिश्कील होते. "आलास?" ते म्हणाले. "एवढासाच आहेस की रे. आवाजावरून चांगला उंचापुरा वाटला होतास."

तो हसला.

"फार वाईट केलं रे त्या लोकांनी तुझं. माझं सोड, मी काय, म्हातारा. पण आपण मन लावून एक वस्तू करावी आणि दुसऱ्यानं ती उचलून फेकून द्यावी... तुला किती लागलं असेल."

"हो," तो म्हणाला. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

"आणि म्हणे मी मशीन!" बाबांच्या खांद्यांना हसण्याचा हिसका बसला. "मी हिला म्हटलं, मशीन असतो तर तेल घालून चाललो नसतो का? एवढ्या वेळा एकच गाणं काय ऐकता, म्हणून ही पण कुरकुरायची. मी म्हणायचो, ते ज्यानं केलंय त्याला विचार. त्याला बरोबर कळेल."

त्याने बाईकडे पाहिलं. ती खिडकीचा पडदा नीट करत होती.

"वाजव आता. तू येणार म्हटल्यावर तू पाठवलेलं मी अजून लावूच दिलेलं नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, बसूनच ऐका हं आज," लेक म्हणाली.

"ते बसून ऐकायचं गाणं आहे का? उठव मला."

दोघांनी धरून त्यांना उभं केलं. लेक एका बाजूला काखेत हात घालून उभी राहिली. त्याने गिटार घेतली, लाकडावर बोटांनी ठक-ठक सुरू केलं आणि गायला लागला. बाबांनी नजर पहिल्या पिवळ्या पट्टीवर रोखली. गुडघा थरथरला. टाच उचलली गेली, चवडा मात्र जमिनीवरून सुटला नाही. त्याने लय थोडी उतरवली, मग थोडी चढवली, मग कपाटात होती तशी धरून ठेवली. बाबांच्या कपाळावर घाम आला. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, आणि ते आहेत तिथेच, सगळं अंग पुढे झुकवून उभे होते. काही महिन्यांपूर्वी हेच गाणं त्यांना फाटकापर्यंत नेऊन परत आणत होतं. शेवटी लेकीने त्यांना हळूच खुर्चीत टेकवलं. त्याची बोटं थांबली.

बाबांनी श्वास जमेपर्यंत डोळे मिटून घेतले. मग डोळे उघडून त्यांनी याचा पडलेला चेहरा पाहिला, आणि थरथरता हात पुढे करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "गाणं अगदी बरोबर आहे तुझं. पाय माझे गेलेत."