उत्तर आलं नाही म्हणून

दौंडात डॉक्टर प्राचीच्या दवाखान्याचं बस्तान नुकतंच बसत होतं. कुरकुंभच्या कारखान्यांत कामाला जाणारी तरणी मंडळी तेव्हा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ईमेल करायला शिकली होती. बारीकसारीक शंकेसाठी कुणी खाडा कशाला करावा, म्हणून प्राचीने केसपेपरवर आपला ईमेलचा पत्ता छापून घेतला.

त्या आठवड्यात टेलिफोनची लाइन बंद पडली, ती रविवारी सकाळी सुरू झाली. लाइनला कॉम्प्युटर जोडला, तसा राहू गावच्या संघर्षचा मेल आला. त्याची बायको दीक्षा आठव्या महिन्यात होती आणि प्राचीकडेच तपासायला यायची.

‘मॅडम, दीक्षाचं डोकं फार दुखतंय. तोंड सुजलंय. डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणते. पित्त असंल का? कोणती गोळी देऊ?’

मेल शुक्रवारचा होता.

 उत्तर लिहायला गेलेली प्राचीची बोटं जागीच थांबली. आज सुट्टी. संघर्ष मेल उघडणार तो उद्या, ऑफिसात गेल्यावर. त्याच्या घरी फोन नव्हता. तिने इंजेक्शनं बॅगेत टाकली आणि शेजारच्या वजीरमामांना जीप काढायला सांगितली.

“लई घाईचं हाय का?” मामांनी विचारलं.

“रक्तदाब वाढून झटका आला तर दोन जीव जातील, मामा.”

मामांनी लगेच जीप काढली. रेल्वे फाटकात मालगाडीने अडवलं. डबे सरता सरेनात. प्राची जीपमधून उतरून उगाच फाटकापर्यंत गेली आणि परत आली.

संघर्ष अंगणातच भेटला. तिला पाहून तो गोंधळला. आत दीक्षा कपाळाला ओला फडका बांधून पडली होती. चेहरा ओळखू येत नव्हता. प्राचीने रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला आणि लगेच इंजेक्शन भरायला घेतलं.

“हिला आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायचं.”

“आठव्यात सूज येतीच की बाई,” संघर्षची आई, भागुबाई म्हणाली. “आन् यानं तुमास्नी इचारलं व्हतं. तुमचं काय उत्तर आलं न्हाई, तवा म्हनलं, काळजीचं न्हाई.”

 प्राचीने दीक्षाला इंजेक्शन दिलं.

पुण्याच्या वाटेवर वाघोली मागे पडली आणि दीक्षाचे डोळे फिरले. अंग ताठ झालं. संघर्षने तिचं डोकं मांडीवर घट्ट धरलं, प्राचीने तिला कुशीवर वळवलं. मामांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. औषध अंगात भिनलेलं होतं, म्हणून झटका लवकर ओसरला.

मोठ्या दवाखान्यात तसंच ऑपरेशनला घेतलं. मुलगी झाली, ओंजळीएवढी, पण रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. दीक्षाचा जीव वाचला, हे कळेपर्यंत संध्याकाळ झाली.

व्हरांड्यात संघर्ष प्राचीजवळ येऊन बसला.

“शुक्रवारी हिला घेऊन मी निघणारच व्हतो, मॅडम. मग म्हनलं, मेल केलाय तर उत्तर येऊ द्या.”

“माझी लाइन बंद होती,” प्राची म्हणाली. “ते तुम्हाला कळणार कसं, हा विचार मी करायला हवा होता.”

 तेवढ्यात आतून नर्सने हाक मारली आणि संघर्ष मुलीला बघायला उठला.