पुढची सीट

"सीट रिकामी म्हणजे रिकामी, खाला. यात न समजण्यासारखं काय आहे?" नव्वाफने खिडकीशी वाकून दुसऱ्यांदा सांगितलं.

उम्म गाझीने काच पूर्ण खाली केली. "आणि शेजारी बसलेत ते काय गाठोडं आहे? डिकीत टाकू?"

शेजारच्या सीटवर अबू गाझी गुडघ्यांवर हात ठेवून समोर तोंड करून बसला होता. गाठोडं म्हटल्यावर तो गालात हसला. बायकोच्या तोंडाला इतक्या वर्षांत त्याच्याइतकं कोणी सरावलं नव्हतं.

"बायकांची टॅक्सी आहे ही," नव्वाफ म्हणाला. मदिना विमानतळावरच्या रांगा लावायचं काम त्याचं. अंगावर पट्ट्यांचं जाकीट, गळ्यात शिट्टी. "बायका या रांगेत येतात कशाला? परका पुरुष नको म्हणून. परवा तक्रार आली वर. पुढे पुरुष बसतो म्हणून."

"पुरुष!" उम्म गाझी एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या रांगेतल्या टॅक्सीवाल्यांनी माना वळवल्या. "अरे, यांना स्वतःच्या हाताचा पंजा दिसत नाही. ज्याला दिसतच नाही त्याच्यापासून बायांनी झाकायचं काय?"

रांगेत हशा पिकला. म्हातारा अतिय्या आपल्या टॅक्सीच्या टपावर कोपर टेकून ओरडला, "नवरा जड झाला असेल तर इकडे पाठवा, उम्म गाझी! मी बसवतो माझ्या गाडीत!"

"तुझ्या गाडीत? आत बसलेला माणूस भाजून निघतो. माहेरी गेलेली बायको आधी आणून बसव, मग माझ्या नवऱ्याचं बघ!"

अतिय्याने दोन्ही हात वर करून शरणागती पत्करली. नव्वाफ मात्र हसला नाही. तो आणखी वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "खाला, माझे वडील गेले त्या वर्षी अबू गाझीच मला शाळेत सोडायचे. मी विसरलोय असं समजू नका. पण हुकूम माझा नाही. आज मी इकडे पाहिलंच नाही. उद्या हे सीटवर दिसले तर तुमचा नंबर रांगेतून कापावा लागेल."

"त्याचं बरोबर आहे," अबू गाझी म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्याविषयी बोलणं चाललंय, तुमच्याशी नाही."

काच वर गेली.

ही सीट म्हणजे काय होतं ते नव्वाफला कुठून ठाऊक असणार? अबू गाझीचं उमेदीचं सगळं आयुष्य या एका रस्त्यावर गेलं होतं. विमानतळ ते नबींची मशीद, मशीद ते विमानतळ. जगभरातले यात्रेकरू त्याच्या मागच्या सीटवर रडले होते, घोरले होते, त्यांची मुलं ओकली होती. मग साखरेने त्याचे डोळे खाल्ले. त्यानंतरचं वर्ष त्याने घरात भिंतीकडे तोंड करून काढलं. भाताचं ताट समोर ठेवावं तसं परत यायचं. उम्म गाझीने सगळं करून पाहिलं. मिनतवाऱ्या केल्या, शिव्या दिल्या, सुनेकडून नातवंडं बोलावली. माणूस काही वळेना.

बायकांना गाडीचे परवाने मिळू लागले तेव्हा तिने सरळ जाऊन नाव घातलं. वर्गात सगळ्या तिच्या लेकीच्या वयाच्या. यान्बूहून गाझीचा फोन आला, "आई, या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना गाडीतच घेणार आहे. काय म्हणायचं ते मागे बसून म्हणतील," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पहिल्या दिवशी तिने नवऱ्याला हाताला धरून शेजारी बसवलं. रस्ता दाखवायला, असं सांगितलं. मदिनेत जन्मलेल्या बाईला मदिनेचा रस्ता! पण त्या दिवशी परत आल्यावर त्याने भात मागून घेतला. वर लोणचंही मागितलं.

त्याचं कामही ठरून गेलं. यात्रेकरूंशी बोलायचं ते त्यानेच. उजव्या हाताला उहुदचा डोंगर आला की त्याला सलाम करायला सांगायचं. आणि पूल उतरून गाडी वळणाला लागली, चाकांखाली तो जुना झटका बसला, की हात उचलून म्हणायचं, "आता बघा. तो पाहा हिरवा घुमट." त्या घुमटाखाली नबींची कबर. जिच्यासाठी माणसं जन्मभर पै पै जमवून येतात, तिचं पहिलं दर्शन त्या वळणावर.

हल्ली मात्र त्या वळणावर घुमट दिसत नव्हता. मध्ये एक टोलेजंग हॉटेल उभं राहिलं होतं. ते बांधत होते तेव्हा अबू गाझीने विचारलं होतं, "हा आवाज कसला गं?" आणि उम्म गाझीने "रस्ता खोदतायत मेले" म्हणून उडवून लावलं होतं. मग हॉटेल पुरं झालं. तो मात्र हात उचलतच राहिला. त्याने "बघा" म्हटलं की ती जोरात खोकायची, आरशातून मागच्या बायांकडे बघत ओठांवर बोट ठेवायची आणि स्वतःच मोठ्याने सलाम म्हणायची. बायाही म्हणायच्या. घुमटाचं नाव ऐकूनच डोळे भरतात; भरल्या डोळ्यांपुढे हॉटेल आहे की घुमट, कोण बघत बसतं?

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. दोघी सुदानी बाया होत्या. म्हातारी पांढऱ्या सुती तोबमध्ये नखशिखांत गुंडाळलेली. तिची भाची हातात फोन घेऊन वैतागलेली.

"मावशी, बस थेट मशिदीपर्यंत जाते," भाची म्हणत होती. "नाहीतर फोनवरून गाडी मागवते, दारात येईल."

"बसला पायऱ्या आहेत आणि माझे गुडघे घरी अत्बऱ्यालाच राहिलेत," म्हातारी म्हणाली. "आणि फोनवरून आलेल्या माणसाला मी ओळखते का? ही बाई दिसतेय तरी. इजलाल, सामान टाक." मग खिडकीतून आत डोकावत, "काय गं लेकी, नीट चालवतेस ना?"

"अजून कोणी तक्रार करायला परत आलेलं नाही," उम्म गाझी म्हणाली.

म्हातारी खदखदून हसली. "मी हाज्जा बतूल. आणि हा पुढे कोण?"

"माझा नवरा. डोळ्यांनी अधू आहे. चालत नसेल तर मागे दुसरी गाडी आहे."

"मला का चालू नये? माझाही असाच होता. याला निदान कान आहेत."

गाडी निघाली. हाज्जा बतूलचं तोंड इंजिनाच्या आधी सुरू झालं होतं. अख्ख्या मोहल्ल्याने नबींना सलाम पोचवायला सांगितले होते, आणि विमानात झोप लागली त्यात तिची निम्मी नावं विसरून झाली होती.

"तर काय करावं म्हणतोस, भाऊ?" तिने अबू गाझीला विचारलं.

"निम्म्यांची नावं घ्या आणि म्हणा, उरलेल्यांचेही," अबू गाझी म्हणाला. "ज्यांना पोचायचे त्यांना पोचतात."

"आणि परत गेल्यावर शेजारीण विचारेल, माझं नाव घेतलंस का?"

"तिचं तेवढं आठवून ठेवा. बाकीचे सोडून देतील, शेजारीण नाही सोडणार."

हाज्जाने त्याच्या सीटच्या पाठीवर थाप मारली. उम्म गाझीने आरशात पाहिलं. आजचा दिवस. उद्या ही थाप कोणाच्या पाठीवर पडणार होती?

उहुद गेला. पूल आला. गाडी उतरली, वळणाला लागली, झटका बसला. अबू गाझी ताठ बसला. त्याने हात उचलला. "आता बघा, हाज्जा. तो पाहा हिरवा घुमट."

उम्म गाझी खोकली. ओठांवर बोट ठेवलं. इजलालला कळलं, तिने सलाम पुटपुटला. पण हाज्जा बतूल आरशात बघणाऱ्यांतली नव्हती. तिने चष्मा काढून पुसला, परत घातला, मान इकडून वाकवली, तिकडून वाकवली.

"कुठाय? मला तर हॉटेल दिसतंय."

"मावशी..." इजलालने तिचा दंड धरला.

"दंड काय धरतेस? खोटं सांगू? एवढ्या लांबून आले ती हॉटेलच्या पाट्या वाचायला?"

उम्म गाझीने स्टिअरिंग असं आवळून धरलं होतं की त्याच्या जागी हाज्जाची मान असती तर काही खरं नव्हतं. अबू गाझीने हळूच हात खाली घेतला.

"हॉटेल आहे, हाज्जा," तो म्हणाला. "बरंच उंच असावं. दुपारी इथं आलं की तोंडावरचं ऊन जातं."

उम्म गाझीने मान वळवली. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा पुन्हा समोर पाहिलं.

मशिदीशी दोघी उतरल्या. चौक ओलांडून गेल्यावर खरा घुमट समोर आला तशी हाज्जा बतूल भर रस्त्यात थबकली आणि लहान मुलीसारखी रडू लागली. मग काहीतरी आठवून लंगडत गाडीपाशी परत आली. "माझ्या जिभेला हाड नाही, भाऊ. तुझा सलामही पोचवते. नाव सांग."

"आता कशाला आणखी एक नाव," तो म्हणाला. "उरलेल्यांत धरा."

त्यानंतर उम्म गाझीने दुसरं भाडं घेतलं नाही. खजुरांच्या बाजाराशी गाडी लावली, टपरीवरून पुदिन्याचे दोन चहा आणले आणि एक पेला त्याच्या हातात असा दिला की अर्धा सांडला.

"केव्हापासून ठाऊक आहे?"

"हॉटेलवर छत चढलं तेव्हापासून."

"आणि मला रोज खोकायला लावलंत! घसा फाटेस्तोवर! तो हकीम मला मध चाटवतोय!"

"तू एवढ्या हौसेने खोकायचीस." त्याने चहाचा घोट घेतला. "पूर्वी मी बघा म्हटलं की आधी गाडीत सगळं गप्प व्हायचं. श्वाससुद्धा. मग रडू यायचं, मग सलाम. आता आधी तू खोकतेस, मग सलाम. ते गप्प होणं गेलं. त्यावरून कळलं."

"मग हात कशाला उचलत होतात?"

"नसता उचलला तर तू मला कशासाठी नेलं असतंस?"

तिने चहा संपवला. पेल्याच्या तळाशी राहिलेली पुदिन्याची पानं रस्त्यावर झटकली.

"उद्यापासून मी घरीच बसतो," तो म्हणाला. "नंबर जायला नको."

"भिंतीकडे तोंड करून?"

"तोंड कुठेही केलं तरी मला एकच."

"मला नाही एकच," उम्म गाझी म्हणाली. मग तिने विचारलं, "तुम्ही एवढी वर्षं या गावात गाडी हाकलीत. घुमट दिसायला हे एकच वळण होतं का?"

तो विचारात पडला. त्याने पेला हातात फिरवला. मग म्हणाला, पुलाच्या अलीकडे खजुरीच्या बागेच्या भिंतीला लागून एक जुनी गल्ली आहे. वळसा पडतो. तिथे दोन बुटक्या घरांच्या मधून दिसायचा, क्षणभरच, पण अख्खा. ती घरं असतील का अजून, कोण जाणे.

तिने गाडी चालू केली.

घरं होती. दोन्हींच्या भिंतींवर पाडकामाच्या लाल फुल्या मारलेल्या होत्या. "पाडणार वाटतं," ती म्हणाली. तिने त्याला खोटं सांगायचं आता सोडून दिलं होतं. तीच पुढे म्हणाली, "पाडोत. आणखी मोकळं दिसेल. नवीन उभं राहीपर्यंत आपलं भागतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रांगेत लागली तेव्हा पुढची सीट रिकामी होती. सीटवर अबू गाझीची निळी उशी मात्र होती. रांगेच्या तोंडाशी जावा बेटावरच्या बायका आल्या, सगळ्यांच्या डोक्याला एकाच रंगाचे रुमाल. तिघी मागे बसल्या. चौथी उरली. नव्वाफने तिच्यासाठी पुढचं दार उघडलं.

"लाव ते दार," उम्म गाझी म्हणाली.

"खाला, बाईच आहे ही!"

"रिकामी म्हणजे रिकामी. कोण म्हणालं होतं? मी का अतिय्या?"

"मी पुरुषांबद्दल म्हणालो होतो..."

"आणि मी सगळ्यांबद्दल म्हणतेय. मागच्या गाडीत बसव तिला. दोन्ही गाड्या पाठोपाठच तर जाणार आहेत."

नव्वाफ दार लावायला वाकला आणि थबकला. उशीवर एक फोन ठेवलेला होता आणि सीटचा पट्टा ओढून त्याच्यावरून लावलेला होता.

"अस्सलाम आलैकुम, नव्वाफ," फोन म्हणाला. "आईचा गुडघा कसा आहे?"

नव्वाफ दचकून मागे सरकला. शेजारच्या रांगेत अतिय्या हसून हसून टपावर पालथा पडला.

"माणूस बसवायचा नाही म्हणालास," उम्म गाझी म्हणाली. "आवाजाचं काही बोलला नव्हतास. वर विचारून ये हवं तर. मी आल्यावर सांग."

नव्वाफने तिच्याकडे पाहिलं, मग उशीकडे. "आलैकुम सलाम, अबू गाझी," तो हळूच म्हणाला. "बरा आहे गुडघा." आणि त्याने दार इतकं अलगद लावलं, जणू आत कोणी झोपलेलं असावं.

जावाच्या बायांना तिची भाषा येत नव्हती, तिला त्यांची. अबू गाझी घरात खाटेवर बसून रस्ता ऐकत होता. "आता उहुद," फोनमधून आवाज आला. बायांना फक्त उहुद हा शब्द कळला. त्या तिघी एकदम डोंगराकडे वळल्या. पुलाच्या अलीकडे ती वळली. डांबर संपलं, चाकांखाली खडी करकरू लागली.

"बागेची भिंत आली का?"

"आली."

"सावकाश घे. आणखी सावकाश. आता."

मागच्या बायांना तो काय म्हणाला ते कळलं नाही. त्यांना कोणी बघा म्हटलं नव्हतं. लाल फुल्यांच्या दोन घरांच्या मधून तो समोर आला, हिरवा, अख्खा, आणि गाडीतलं सगळं गप्प झालं. रुमालांची सळसळसुद्धा थांबली.

उशीवरचा फोनही गप्प होता.

मग मागे कोणीतरी पहिला हुंदका दिला.

"दिसला," अबू गाझी म्हणाला.

उम्म गाझीने आरशातून मागे पाहिलं. ती खोकली नाही.