आबांच्या कानातला बार

मित्रांनो, निफाडजवळच्या एका मळ्यात खुंटीला टांगलेली मी जुनी रायफल. घडले परक्या मुलखात, रुळले गोदाकाठी. फौजेतून घरी परतलेल्या कोंडाजीआबांनी मला परवान्यावर घेतलं. तोफांनी त्यांचे कान नेले होते. ढग गडगडले तरी त्यांना कळायचं नाही. पण गावच्या भैरोबाची पालखी उठताना त्यांनी माझं तोंड आभाळाकडे करून बार काढला, की आबा लहान लेकरासारखे हसायचे. "ऐकलं! बोलली माझी पोर!" वर्षात तेवढाच एक आवाज त्यांच्यापर्यंत पोचायचा.

त्या वर्षी जत्रा आठ दिवसांवर आली आणि माझा घोडा मागे ओढला तरी ठरेना. त्याला रोखून धरणारा आतला दात झिजला होता. आबांचा मुलगा सहादू एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर. तो मला नाशकात बंदुका दुरुस्त करणाऱ्या बद्रुद्दीनचाचांकडे घेऊन गेला. चाचांनी दातावरून नख फिरवलं.

"बेटा, पोलादाची कडक साल कांद्याच्या पापुद्र्याएवढी असते. आत सगळं नरम. कानस लावशील तर आज धरेल, उद्या आपोआप सुटेल. नवा दात मागवतो. दोन महिने लागतील."

घरी आबा चिडले. "एवढाले पंप खोलतोस, अन् एक दात घासायला भितोस व्हय रं?"

सहादूला ते लागलं. त्याने दात काढला, कानस टेकवली. मग थांबला आणि ओरडून विचारलं, "आबा, बार काढताना पोरं कुठं असत्यात?"

"कुठं म्हंजे? मला खेटून!"

सहादूने कानस खाली ठेवली.

पालखीच्या दिवशी आबा कानामागे हात धरून ओट्यावर बसले. "उठली का रं?" सहादूने 'हो' म्हणून मान हलवली. पालखी तर बाराविनाच केव्हाच वेशीबाहेर गेली होती. आबांनी हात हळूच मांडीवर घेतला.

महिन्याभरात आबा गेले. दात आला तो त्यानंतर. चाचांनी स्वतः मळ्यात येऊन बसवला. सहादूने बार काढला. द्राक्षवेलींवरची पाखरं भर्रकन उडाली. 'पोर बोलली' म्हणायला कुणी नव्हतं. नळी गार होईपर्यंत तो मला धरून उभा राहिला.

तो चुकला नाही, मित्रांनो. आबांना खेटणारी ती पोरं आज मळ्यात राबण्याएवढी झालीत. पण हे त्याला मी कसं सांगू? मला एकच शब्द येतो.

तुम्हाला तर पुष्कळ येतात. घरात कमी ऐकणारं कुणी असेल, तर आजच त्याच्या कानाशी जा, मोठ्यानं बोला. जत्रेची वाट पाहू नका.