उसना खुबा

बटण कोटाचं होतं, चपटं, चार भोकांचं, आणि तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, जिथे तळवा जरा फुगीर असतो नेमकं तिथे, ते गार लागत होतं. उठबस करताना ते पायाखालून निसटू द्यायचं नाही. टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ — तिन्हीकडे सारखा भार, मग मागच्या स्टुलावर बसायचं, म्हणजे बसायचं नाहीच, नुसतं टेकायचं, आणि श्वास सोडत उठायचं. दूध तापेपर्यंत दहा वेळा. सातव्या वेळेला नवरा दारात येऊन उभा राहिला.

"झालं का बसून?"

"बसत नाहीये. उठायला शिकतेय."

"मला विचारायचंस की. चौतीस वर्षं ऑफिसात मी दुसरं काय केलं?"

पहिल्या आठवड्यात या थट्टेचा तिला राग यायचा. मग एके दिवशी स्टूल डुगडुगेनासं झालं, वाकून पाहिलं तर एका पायाखाली त्याने रबराचा तुकडा चिकटवलेला. आता तो चेष्टा करतो आणि ती करू देते. दूध उतू जायच्या बेतात होतं. दहा झाले... की नऊच? जाऊ दे. आज संध्याकाळी क्लासला परत जायचं होतं, सहा आठवड्यांनी, आणि परीक्षेला निघाल्यासारखी तिने सकाळपासून दोनदा पिशवी तपासली होती — या वयात, बाई, कसली परीक्षा, ती स्वतःलाच म्हणाली.

व्यायामाचा क्लास म्हणजे काय, तर एक लांबलचक खोली, समोर भिंतभर आरसा, कानठळ्या बसवणारी गाणी, बावीस माणसं आणि मॅडम. मॅडम तिच्या लेकीहून लहान. पण त्या खोलीत शिरलं की बावीस जण एकदम डावा पाय टाकायचे आणि फरशीतून काहीतरी वर चढायचं, पोटरीतून, मांडीतून, थेट छातीपर्यंत, आणि मग ती कुणाची कोण होती, किती वर्षांची होती, घरी कणीक भिजवायची राहिली होती की नाही, सगळं त्यात विरघळून जायचं. असं सुख तिला फार उशिरा मिळालं होतं. ती ते कुणाला सांगायची नाही, कारण सांगायला गेलं तर ते उड्या मारण्याचं वर्णन व्हायचं.

आणि मग ती पडली. चार महिने सुरळीत गेल्यावर, एका धावत्या गाण्यात, दोन्ही हातांत डंबेल घेऊन खाली वाकून वर येताना, कमरेत कड् असा आवाज... नाही, आवाज झालाच नव्हता, आवाज तिने नंतर सांगताना घातला. कुणीतरी गाणं बंद केलं. तिच्या भोवती बुटांचं कडं, रंगीत नाड्या, आणि वरून, पाणी आणा, हलवू नका, अहो बसवा त्यांना. तपासण्यांत काही निघालं नाही, स्नायूच आखडला होता, चार दिवसांत कंबर मोकळी झाली. लाज मात्र मोकळी व्हायला तयार नव्हती. ती क्लास सोडणारच होती. मॅडमचाच फोन आला.

"काकू, क्लास कुठे पळून जात नाही. आधी पाया घालू. क्लासच्या आधी रोज वीस मिनिटं माझ्याकडे या."

तर ती वीस मिनिटं, मॅट रचून ठेवायच्या कोंदट खोलीत. पाठीवर उभी काठी धरायची, ती डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला टेकलेली, आणि वाकताना तिन्हीपैकी एकही जागा सुटू द्यायची नाही. किती सोपं! पहिल्या दिवशी काठी पाठीपासून अशी सुटली की मॅडम हसल्या आणि मग तीही हसली. पन्नास वर्षं वाकत आले मी, बादल्या उचलल्या, पोरं उचलली, आणि वाकायचं कसं हेच ठाऊक नाही... गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, खांदे सैल, आणि श्वास. "काकू, पुन्हा श्वास धरलात." ती श्वास धरते हे तिला ठाऊकच नव्हतं. "कुणासाठी धरता हो?" मॅडमनी सहज विचारलं, आणि ती घरी जाईपर्यंत त्याचाच विचार करत राहिली.

दवाखान्यात कळलं. ती दातांच्या डॉक्टरांची मदतनीस, बावीस वर्षं, खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी. रोग्याच्या तोंडातली लाळ ओढून घेणारी नळी एका हातात, दुसरा हात ट्रेवर. मशीन घूं करून सुरू झालं की खुर्चीतला माणूस श्वास धरतो, आणि त्याच्याबरोबर तीही. बावीस वर्षं, दिवसाला दहा-बारा माणसं. कुणाला त्याचा काही उपयोग नाही, पण धरते.

तिची खरी हुशारी मात्र निराळीच होती. डॉक्टर काही मागत नाहीत. त्यांचा खांदा जरा वर गेला की दात बघायचा छोटा आरसा, मनगट फिरलं की कापूस, नुसतं नाक ओढलं तरी तिला कळतं आता काय लागणार, आणि ते त्यांच्या हातात असतं. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, यांना माझ्या मनातलं कळतं. मनातलं कसलं... अंगातलं. दुसऱ्याचं अंग बघायचं आणि आपलं त्याच्यामागे सोडून द्यायचं, हे तिला श्वासाइतकं सोपं होतं, आणि तिला त्याचा अभिमान होता, म्हणजे दुसऱ्या आठवड्यातल्या त्या दिवसापर्यंत होता.

त्या दिवशी मॅडम तिच्यामागे उभ्या होत्या. "उठताना सगळा भार डाव्या पायावर का घेता? उजवा पाय बाहेर वळवता, डावा हात मांडीवर देता. उजवा खुबा दुखतो?"

"नाही."

मॅडमनी पाय वळवून पाहिला, दाबून पाहिला. "इथे? इथेही नाही? खुबा तर छान आहे तुमचा. मग हे आणलंत कुठून?"

तिने खांदे उडवले. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांचा खांदा वर गेला, तिचा हात आपसूक आरशाकडे गेला, आणि तिथेच थबकला. हिरवी! क्लासमध्ये तिच्या पुढे, जराशी बाजूला, एक हिरवा टी-शर्ट घातलेली बाई असायची. पहिल्या दिवशी काहीच उमगत नव्हतं, मॅडम लांब, आरशात बघायची तर तिला भलती चीड, स्वतःचं ते हलणारं पोट कोण बघणार; मग तिने हिरवीची पाठ धरली. चार महिने तिने त्या पाठीखेरीज काही पाहिलं नाही. हिरवी उजवा पाय जरा बाहेर टाकायची, डावीकडे कलायची, मांडीवर हात देऊन उठायची — तिला वाटलं, हीच खरी पद्धत, ही जुनी मुरलेली बाई, हिला ठाऊक असणार. आणि ते दुखणं होतं. हिरवीचा खुबा दुखत होता आणि लंगडत मी होते. सगळ्यांसमोर आडवी पडले तीही दुसरीच्या दुखण्यावर! त्या दिवशी तिला हसूही आलं आणि हिरवीचा रागही आला, हा राग अन्यायाचा आहे हे कळत असूनही.

आता ते अंगातून गेलं होतं. जवळजवळ. घाईत जिना चढताना अजून पाय बाहेर वळायचा, मग ती थांबायची आणि त्याला सरळ करायची, हट्टी मुलाला करावं तसं.

संध्याकाळी क्लासच्या दारात मॅडम म्हणाल्या, "काकू, आज कुणाच्या मागे उभं राहायचं नाही हं. आरशात स्वतः दिसाल तिथे. जमेल तेवढंच करा, बाकीचे उडू देत." ती मधल्या रांगेत, मोकळ्या जागेत उभी राहिली. आरशात एक बाई होती. बरी होती.

"आलात! बरं झालं बाई."

हिरवी. आज टी-शर्ट निळा होता, पण खांदे तेच. समोरून ती वेगळीच कुणीतरी निघाली, वयाने मोठी, डोळ्यांखाली काळं, हसताना पुढचा एक दात जरा आत.

"मला वाटलं, तुमचंही निघालं ऑपरेशन."

"माझं? कसलं?"

"अहो खुब्याचं. सहा आठवडे दिसला नाहीत, म्हटलं गेल्या एकदाच्या टेबलावर. माझं तीन वर्षांमागे झालं. इथे मॅडमखेरीज कुणाला बोलले नाही मी, उगाच कीव करतात लोक." हिरवीने आवाज खाली आणला. "खरं सांगू? दोनदा सोडणार होते हा क्लास. सगळी कशी टणाटण उड्या मारतात, आपणच एक अशी. मग आरशात तुम्ही दिसलात. अगदी माझ्यासारख्या उठत होतात. म्हटलं, चला, एकटी नाही आपण. मग रोज आले की आधी तुम्हालाच शोधायची."

"माझं... म्हणजे मला..."

गाणं सुरू झालं. हिरवी घाईघाईने आपल्या जागी गेली, आणि जाताना तिने हिच्या दंडाला हात लावला.

काय सांगणार होते मी? की मला काही झालेलं नाही? की चार महिने तुझी नक्कल करत होते, तुझं दुखणं मला पद्धत वाटली? हात वर, हात खाली, डावा पाय, उजवा पाय... फरशीतून ते चढू लागलं होतं, सहा आठवडे ज्याची वाट पाहिली तेच, पण ते पोटरीपाशी येऊन अडलं. मॅडम ओरडल्या, "आता बसायचं आणि उठायचं, आठ!" आणि आरशात हिरवीचे डोळे तिला शोधत आले.

तिचं अंग तयारच होतं. दुसरीचं अंग बघितलं की आपलं सोडून द्यायचं, फक्त सोडून द्यायचं, पाय जरा बाहेर, भार जरा डावीकडे, एवढंच; एवढ्याने काय होणार आहे? कमरेत ती जुनी जागा किंचित जागी झाली. तिने श्वास धरला होता. तिने तो सोडला आणि दोन्ही पायांवर सारखी बसली, आणि सारखी उठली, सरळ, हात मांडीला न लावता, सहा आठवडे शिकली तशी. छान उठली. आरशात हिरवीचे डोळे क्षणभर तिच्यावर राहिले आणि मग खाली, फरशीकडे गेले.

दुसऱ्यांदा ती सावकाश बसली. गाण्याच्या मानाने फारच सावकाश, कारण हिरवीला तेवढाच वेळ लागत होता. बाकीच्यांचे तीन होईतो त्या दोघींचं एक. दुखऱ्या खुब्याची सोबत मी तुला देऊ शकत नाही, तो माझा नाहीच, पण वेळ... ही मदत की कीव, तिला ठरवता येईना. हिरवीने मान वर केली की नाही हेही नीट दिसलं नाही, मधे कुणाचा तरी हात आला. क्लास सुटल्यावर तिला खरं सांगावं लागणार होतं, ऐकून ती कदाचित पुन्हा येणार नव्हती, आणि याची हिला भीती वाटली, स्वतःच्या कमरेची वाटली होती त्याहून जास्त. इथे ती बावीस जणांत विरघळायला आली होती. आता त्यांच्यातली एक, हिरवी, वेगळी झाली होती, आणि ती नसली तर ही खोली मला नको होती.